भंडारदऱ्याचा फेरा, दोन चाकांवर

अकोले तालुक्यातील शेंडी गावातून निघायचे, भंडारदरा जलाशय सतत एका हाताला ठेवायचा आणि पुन्हा शेंडीत येऊन पोहोचायचे. असा हा फेरा आहे. त्यात रतनगडाचा पायथा येतो, अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर येते, सांदण दरीचे मुख येते आणि घाटघरचा कोकणकडा येतो. मोटारीने ही प्रदक्षिणा दोन-तीन तासांत उरकते. सायकलवर तिला अख्खा दिवस लागतो, आणि या रस्त्याचा खरा परिचय त्या दिवसभरातच होतो.

या रस्त्यावर वाहनांना बंदी नाही. 'सायकलमार्ग' असा फलकही येथे कोठे नाही. तरीही वर्षातील बहुतेक दिवस तो सायकलस्वारासाठी जवळपास मोकळा असतो. पावसाळ्यातील शनिवार-रविवार आणि काजव्यांचे दिवस आले की मात्र याच अरुंद रस्त्यावर मोटारींच्या रांगा लागतात आणि पायी चालणेही कठीण होते. त्यामुळे भंडारदऱ्याला सायकलवर जाऊ इच्छिणाऱ्याने नकाशाआधी दिनदर्शिका पाहावी. येथे वाहनमुक्त प्रवास मिळतो तो वार आणि ऋतू नीट निवडणाऱ्याला.

शंभर वर्षांचे पाणी

सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून असलेला अकोले हा अहिल्यानगर जिल्ह्याचा पश्चिमेकडचा तालुका. (अहमदनगर जिल्ह्याचे हे नामांतर २०२४ मध्ये झाले.) राज्यातील सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाच्या या जिल्ह्याची ओळख एरवी अवर्षणाची. पूर्वेकडील तालुके पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात, तर पश्चिम टोकाच्या घाटघरला एका पावसाळ्यात ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडल्याची नोंद अनेकदा होते. 'नगर जिल्ह्याची चेरापुंजी' हे बिरुद घाटघरला त्यामुळेच मिळाले.

हा पाऊस अडवून खालच्या कोरड्या भागाला द्यावा, या विचारातून प्रवरा नदीवर भंडारदरा येथे धरण बांधण्यात आले. १९१० मध्ये सुरू झालेले हे काम १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्या वर्षी १० डिसेंबर रोजी मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि धरणाला त्यांचेच नाव पडले. डिसेंबर २०२६ मध्ये या घटनेला शंभर वर्षे पूर्ण होतात. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण त्या काळी देशातील सर्वांत उंच धरणांमध्ये गणले जात असे. जलाशय 'आर्थर लेक' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याची साठवण क्षमता ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे ११ टीएमसीहून थोडी अधिक आहे. १५ ऑगस्टपर्यंत धरण भरते की नाही, याकडे आजही साऱ्या जिल्ह्याचे लक्ष असते.

पाणी चढले आणि खोऱ्यातील गावांच्या जुन्या वाटा त्याखाली गेल्या. रतनवाडीसारखे गाव जलाशयाच्या शेपटाशी उरले. भंडारदऱ्याहून लाँचने किंवा होडीने रतनवाडी गाठायची आणि तेथून रतनगड चढायचा, असा गिर्यारोहकांचा अनेक वर्षे प्रघात होता. जलाशयाला वळसा घालणारा डांबरी रस्ता या गावांना दवाखाना, शाळा आणि बाजाराशी जोडतो. पर्यटकांचा हा 'फेरा' तेथील रहिवाशांचा रोजचा आणि एकमेव रस्ता आहे, हे सायकलस्वाराने प्रथम ध्यानात घ्यावे.

मार्ग कसा आहे?

फेरा दोन्ही दिशांनी करता येतो. सकाळचा ताजा दम चढासाठी वापरायचा असेल, तर शेंडीहून दक्षिण काठाने निघावे. गुहिरे, मुतखेल आणि कोलटेंभे ही गावे मागे टाकत रस्ता रतनवाडीला पोहोचतो. हे अंतर सुमारे १८ ते २० किलोमीटर आहे. कसारा घाटासारखा एकसलग मोठा घाट येथे नाही, परंतु सपाटीही नाही. प्रत्येक ओहोळापाशी रस्ता खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. नवख्या सायकलस्वाराला हे छोटे छोटे चढच अधिक दमवतात. पावसाळ्यात याच वाटेवर डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याच्या माळा दिसतात. त्यांपैकी एक धबधबा 'नेकलेस फॉल' या नावाने ओळखला जातो.

रतनवाडीत थांबणे क्रमप्राप्त आहे. येथील अमृतेश्वर मंदिर शिलाहारकालीन मानले जाते. मंदिराच्या बाह्यांगावरील कोरीव काम, आतील खांब आणि छतावरील नक्षी पाहण्यासाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा. जवळच चौकोनी पुष्करणी असून तिच्या भिंतींतील कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. मंदिरामागे उभा असलेला रतनगड १ हजार २९७ मीटर उंचीचा. त्याच्या माथ्यावरील आरपार भोक, म्हणजे 'नेढे', स्वच्छ हवेत दुरूनही दिसते. प्रवरेचा उगम याच डोंगरातील मानला जातो.

रतनवाडी ते साम्रद हा फेऱ्यातील सर्वांत दाट जंगलाचा टप्पा. येथे चढ आहेत, वस्ती विरळ आहे आणि मोबाइलला संपर्कक्षेत्र मिळेलच असे नाही. हे जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर आहे. शेकरू, बिबट्या, सांबर आणि भेकर येथे आढळतात. मोटारीच्या आवाजाने दूर पळणारे पक्षी सायकलला तितकेसे बुजत नाहीत. साम्रद गावाजवळ सांदण दरी सुरू होते. दोन उभ्या कातळभिंतींमधील ही अरुंद घळ पावसाळ्यात धोकादायक असते. इतर ऋतूंतही स्थानिक वाटाड्या सोबत असल्याशिवाय तीत उतरू नये. सायकलफेरा आणि सांदण एकाच दिवशी करण्याचा मोहही टाळावा.

साम्रदहून रस्ता घाटघरला येतो. येथे पठार एकाएकी संपते आणि समोर कोकणकडा उघडतो. खाली ठाणे जिल्ह्याचा शहापूर तालुका पसरलेला दिसतो. अलंग, मदन आणि कुलंग ही दुर्गत्रयी याच परिसरात उभी आहे. घाटघरला राज्यातील एक वेगळा वीजप्रकल्प आहे. २००८ मध्ये कार्यान्वित झालेल्या या २५० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पात विजेची मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी पंपाने वरच्या जलाशयात चढवले जाते. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण होते. चढ-उताराचे हेच गणित दिवसभर पायांनी सोडवत आलेल्या सायकलस्वाराला ते समजावून सांगावे लागत नाही.

परतीचा मार्ग उत्तर काठाने आहे. उडदावणे, पांजरे आणि मुरशेत ही गावे ओलांडून रस्ता पुन्हा शेंडीला येतो. घाटघर ते शेंडी हे अंतर सुमारे २२ किलोमीटर आहे. या बाजूने कळसूबाईची रांग डोक्यावर आणि पाणी पायाशी असते. संध्याकाळच्या उन्हात पलीकडच्या काठावरचा रतनगड स्पष्ट दिसतो, आणि सकाळी आपण तेथे होतो, याचा विश्वास बसत नाही.

निवांतपणाचे पंचांग

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा या फेऱ्याचा सर्वोत्तम काळ. जलाशय भरलेला असतो, भातशेते पिवळी होत असतात आणि हवा थंड असते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे होतात, तेव्हाही पाऊस थोडा सोसण्याची तयारी असेल तर हरकत नाही. या काळात सोमवार ते गुरुवार रस्ता जवळपास रिकामा मिळतो. एखादी एसटी, गावची जीप आणि दुचाक्या एवढीच काय ती वाहतूक. मात्र दिवाळीची सुटी, नाताळ आणि ३१ डिसेंबर हे दिवस वगळावेत.

जुलै आणि ऑगस्ट हे धबधब्यांचे महिने. त्या वेळी आठवड्याच्या मधल्या दिवशीही धुके आणि मुसळधार पाऊस यांमुळे समोरचे दिसत नाही. दरडी आणि निसरडा रस्ता यांचाही धोका असतो. शनिवार-रविवारी तर धबधब्यांपुढे उभ्या राहणाऱ्या मोटारींमुळे रस्ता दोन्ही बाजूंनी अडतो. स्वातंत्र्यदिनाला जोडून सुटी आली की गर्दीला पारावार उरत नाही. अनुभवी सायकलस्वारांनीही या दिवशी भंडारदऱ्याची वाट धरू नये.

मेच्या अखेरीपासून मान्सूनच्या आगमनापर्यंत काजव्यांचा हंगाम असतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे रात्री लुकलुकू लागतात. हा प्रकाश म्हणजे नर-मादीचा परस्परांना दिलेला संकेत. मोटारींचे प्रखर दिवे आणि विजेऱ्या यांनी त्या संकेतात व्यत्यय येतो. गेल्या काही वर्षांत काजवे पाहण्यासाठी येणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की वन विभागाला रात्रीच्या वाहनांवर निर्बंध घालावे लागले. काजवे पाहायचेच असतील, तर सायकल मुक्कामी ठेवून गावातल्या माणसाबरोबर पायी जावे. अभयारण्यातील रस्त्यावर रात्री सायकल चालवणे वन्यप्राण्यांच्या आणि चालवणाऱ्याच्या, दोघांच्याही हिताचे नाही.

उसाकडून पावसाकडे

शेंडीला पोहोचण्याच्या वाटा अनेक आहेत. नाशिकहून हे अंतर सुमारे ७० ते ७५ किलोमीटर, तर मुंबई आणि पुण्याहून प्रत्येकी साधारण १७० किलोमीटर पडते.

मुंबईकडून येणाऱ्यांनी इगतपुरीपर्यंत रेल्वेने येणे श्रेयस्कर. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकल पार्सल कार्यालयात नोंदवून सामान म्हणून नेता येते. मात्र गाडीचा थांबा आणि नोंदणीची वेळ आधी विचारून घ्यावी. कसारा घाटातील अवजड वाहनांत सायकल घालणे टाळावे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून मुंबई-नाशिकच्या मोटारींना इगतपुरी आणखी जवळ आली आहे. त्या महामार्गावर दुचाकींनाच प्रवेश नाही, त्यामुळे सायकलचा प्रश्नच येत नाही. इगतपुरीहून घोटी आणि घोटीहून सुमारे ३५ किलोमीटरवर शेंडी. वाटेत बारी गाव लागते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या, १ हजार ६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईची वाट येथूनच सुरू होते.

पुण्याकडून येणाऱ्यांसाठी आळेफाटा, ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ आणि राजूर हा मार्ग आहे. आळेफाट्यापर्यंत महामार्गाची वर्दळ सोसावी लागते. ओतूर सोडल्यावर मात्र डोंगर जवळ येतात आणि वाहतूक विरळ होते.

सर्वांत अर्थपूर्ण वाट मात्र अहिल्यानगर जिल्ह्याच्या आतून येते. कोल्हार ते घोटी हा राज्यमार्ग लोणी, संगमनेर, अकोले, राजूर आणि शेंडी असा जातो. कोल्हारहून शेंडीपर्यंतचे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. हा मार्ग प्रवरेच्या प्रवाहाच्या उलट दिशेने चढत जातो. खाली लोणीला १९५० च्या सुमारास सुरू झालेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा कारखाना सहकारी साखर चळवळीचा आरंभ मानला जातो. त्याच्या उसाला मिळणारे कालव्याचे पाणी भंडारदऱ्यातून आलेले. सायकलस्वार सकाळी उसाच्या फडांमधून निघतो, संगमनेरनंतर बाजरी-सोयाबीनची आणि टोमॅटोची शेते पाहतो, अकोल्यात अगस्ती ऋषींच्या आश्रमापाशी विसावतो आणि राजूरनंतर भाताच्या खाचरांत शिरतो. ज्या पाण्यावर खालचा सुबत्तेचा पट्टा उभा आहे, ते पाणी ज्या डोंगरावर पडते तेथील गावे तितकी सुबत्तेची नाहीत, हे या शंभर किलोमीटरांत आपोआप कळते. गळीत हंगामात लोणी ते संगमनेर या टप्प्यात ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांची गर्दी असते. तो टप्पा पहाटे ओलांडावा किंवा सायकल वाहनात टाकून संगमनेरपासून प्रवास सुरू करावा.

राजूर ते शेंडी या वाटेवर रंधा धबधबा आहे. प्रवरा येथे खोल घळीत उडी घेते. कठड्यापलीकडे जाण्याचे धाडस करू नये.

मुळा खोऱ्यातील निवांत वाटा

फेरा पूर्ण करून दोन दिवस हाताशी असतील, तर राजूर हे मुक्कामाचे ठिकाण करावे. राजूरहून दक्षिणेकडे शिरपुंजे, अंबित आणि कुमशेतच्या दिशेने जाणारे रस्ते भंडारदऱ्यापेक्षाही निर्मनुष्य आहेत. अंबितला मुळा नदीच्या खोऱ्यातील छोटे धरण आहे. कुमशेतच्या पश्चिमेला आजोबा पर्वताची भिंत उभी राहते. पाचनई हे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे गाव. १ हजार ४२४ मीटर उंचीच्या या गडावर सायकल अर्थातच नेता येत नाही. परंतु ती गावात ठेवून गड चढून केदारेश्वराचे लेणे आणि कोकणकडा पाहता येतो. या भागात चढ अधिक तीव्र आहेत, रस्त्याची अवस्था दरवर्षी पावसानंतर बदलते आणि दुकाने तुरळक आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याने भंडारदऱ्याचा फेरा करून, आपला दम जोखून मगच इकडे वळावे.

राजूर आणि अकोले या दरम्यान प्रवरेवरचे निळवंडे धरण लागते. सुमारे ८.३२ टीएमसी क्षमतेच्या या धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. अकोले तालुक्यातीलच कोंभाळणे हे गाव देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये 'पद्मश्री' जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे यांचे. भाताचे कितीतरी पारंपरिक वाण या तालुक्याने आजवर टिकवून ठेवले, ते अशाच घरांमधून.

सायकल आणि सामान

या प्रवासाला महागडी सायकल लागते, हा गैरसमज आहे. कमी गिअरवर चढता येईल अशी आणि ब्रेक चोख असलेली सायकल पुरेशी आहे. शर्यतीच्या सायकलचे अरुंद टायर येथील खड्ड्यांत त्रास देतात. थोडे रुंद, ३२ ते ४० मिलिमीटरचे टायर योग्य. पावसाळी हवेत रिमवर दाबणाऱ्या ब्रेकची पकड कमी होते, त्यामुळे उतारावर वेग आधीपासूनच आवरता ठेवावा. डिस्क ब्रेक असल्यास उत्तम.

सोबत दोन सुट्या ट्यूब, पंक्चर काढण्याचे साहित्य, हातपंप, चेन जोडण्याचे अवजार आणि तेलाची लहान बाटली असावी. गिअरच्या सायकलची दुरुस्ती करणारे दुकान मार्गावर मिळेल, असे गृहीत धरू नये. सामान पाठीवर घेण्याऐवजी मागच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंना बांधावे. पाठ मोकळी राहते आणि चढावर तोलही सांभाळला जातो. हेल्मेट, पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा आणि ठळक रंगाचा अंगरखा धुक्यासाठी आवश्यक. दिवसाला किमान तीन लिटर पाणी प्यावे लागते. रतनवाडी ते घाटघर या टप्प्यासाठी बाटल्या आधीच भरून घ्याव्यात.

अंतराचा अंदाज बांधताना शहरातील वेग विसरावा. सपाट रस्त्यावर तासाला २० किलोमीटर जाणारा सायकलस्वार येथे १० ते १२ किलोमीटरच जातो. थांबे धरून फेऱ्याला सात-आठ तास सहज लागतात. हिवाळ्यात सहाच्या सुमारास अंधार पडतो. म्हणून शेंडीहून सकाळी सातच्या आत निघावे आणि दुपारी दोनपर्यंत घाटघर सोडावे.

मुक्काम आणि शिदोरी

शेंडी-भंडारदरा परिसरात पर्यटन विकास महामंडळाचे निवास आणि खासगी हॉटेले आहेत. रतनवाडी, साम्रद आणि घाटघर या गावांत घरगुती निवास व भोजनाची सोय होते. आदल्या दिवशी निरोप दिल्यास तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठले आणि ठेचा असे जेवण मिळते. एकदम दहा-बारा जणांनी न सांगता जाऊन जेवण मागणे योग्य नव्हे. येथील घरांत किराणा आठवड्याच्या बाजारावर चालतो. राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत. चढापूर्वी खाल्लेले दोन पेढे कोणत्याही पाकीटबंद वडीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

या खोऱ्यात प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. ब्रिटिशांविरुद्ध उठाव करणारे आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे. परवानगीवाचून माणसांची छायाचित्रे काढू नयेत. अभयारण्यात प्रवेश करताना वन विभागाच्या नाक्यावर शुल्क भरून पावती घ्यावी. प्लॅस्टिकचा कचरा आपल्याबरोबर परत आणावा.

रस्ता कोणाचा?

डोंगर आणि तळी यांच्या परिसरात सायकलला रस्ता मोकळा करून देण्याचे प्रयोग जगात अनेक ठिकाणी झाले आहेत. स्वित्झर्लंडमधील मुर्टन सरोवराभोवतीचा रस्ता सप्टेंबर २००० मध्ये एका दिवसासाठी मोटारींना बंद करण्यात आला आणि तो केवळ सायकली, स्केट्स व पादचाऱ्यांना दिला गेला. 'स्लोअप' या नावाने हा उपक्रम पुढे त्या देशातील इतर भागांतही पसरला. जपानमधील बिवा सरोवराला सुमारे २०० किलोमीटरचा सायकलवळसा आहे. तेथील सरकारने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय सायकलमार्गाचा दर्जा दिला. आपल्याकडे माथेरान हे थंड हवेचे ठिकाण मोटारींना वेशीवरच थांबवत आले आहे, आणि म्हणून पर्यटक तेथे जायचे थांबलेले नाहीत.

भंडारदऱ्याला हे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. येथे रस्त्याच्या कडेने गावे आहेत. बाळंतपणासाठी निघालेली जीप, शाळेची एसटी, बाजाराला जाणारा भाजीचा टेम्पो यांना शहरातील हौशी सायकलस्वारांसाठी थांबवणे अन्यायाचे ठरेल. शनिवार-रविवारच्या गर्दीवर गावातील चहाच्या टपऱ्या, घरगुती खानावळी आणि वाटाडे यांचा काही महिन्यांचा संसारही चालतो. मोटारी नकोत म्हणणाऱ्याने हा हिशेबही मांडला पाहिजे.

परंतु त्या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. मोटारीतून आलेली माणसे अनेकदा धबधब्यापाशी उतरतात, डब्यातले खातात, रिकाम्या बाटल्या टाकतात आणि रात्रीपर्यंत घरी पोहोचतात. सायकलवर आलेल्याला मात्र गावाशिवाय गत्यंतर नसते. त्याला पाणी लागते, चहा लागतो, दुपारचे जेवण लागते आणि बहुधा रात्रीचे अंथरूणही लागते. तो गर्दीच्या दोन दिवसांऐवजी रिकाम्या पाच दिवसांत येऊ शकतो. त्याच्यासाठी रस्ता रुंद करण्यासाठी झाडे तोडावी लागत नाहीत, मोठे वाहनतळ लागत नाही. बाहेरच्या मोटारी गर्दीच्या दिवशी शेंडीला थांबवून पुढे एसटीची फेरी वाढवावी, हा मार्ग गावकरी आणि पर्यटक दोघांच्याही सोयीचा ठरू शकतो. मात्र तो ठरवताना पहिला शब्द रतनवाडी, साम्रद आणि घाटघरच्या ग्रामसभांचा असला पाहिजे.

तोपर्यंत सायकलस्वाराच्या हाती एक गोष्ट निश्चित आहे. त्याने गर्दीचा दिवस टाळावा, गावात जेवावे, अंधाराआधी मुक्काम गाठावा आणि आल्याची खूण मागे ठेवू नये. शंभर वर्षांपूर्वी अडवलेल्या या पाण्याने खालच्या मुलखाला पुष्कळ दिले. त्याच्या काठावरच्या रस्त्यावर आजही एखाद्या बुधवारी सकाळी पाखरांचा आवाज आणि स्वतःच्या चेनची किरकिर एवढेच ऐकू येते. हा निवांतपणा मिळतो तोवर त्याचा लाभ घ्यावा, आणि तो टिकेल अशाच रीतीने घ्यावा.